दिवा कोणासाठी मालवायचा?

सिंगापूरमध्ये बहुतेक लोक एच.डी.बी.च्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, उंच इमारतींत राहतात. घराच्या दाराबाहेर सामायिक गॅलरीत एक कपाट असते आणि त्यात विजेचा मीटर. जुन्या मीटरमध्ये काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. घरात इस्त्री लावली की ती धावू लागे, सारे निजले की पेंगत फिरे. दोन महिन्यांतून एकदा कंपनीचा माणूस येऊन आकडा टिपून नेई आणि मधल्या महिन्याचे बिल अंदाजाने येई. आता घराघरांत नवे मीटर बसत आहेत. नवा मीटर कोणाची वाट पाहत नाही. दर अर्ध्या तासाला किती वीज गेली ते तो स्वतःच कंपनीला कळवतो, आणि तीच नोंद एस.पी. ग्रुपच्या मोबाइल ॲपवर आपल्यालाही पाहता येते. दिवसाचे ४८ खांब, काही ठेंगणे, काही उंच. याला स्मार्ट मीटर म्हणतात. मराठीत त्याला हुशार म्हणावे की चलाख, हे वाचकांनीच ठरवावे.

या मीटरचा हेतू चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकते. या बेटावर कोळशाची खाण नाही की धरण बांधावे अशी नदी नाही. येथली सुमारे ९५ टक्के वीज बाहेरून आणलेला नैसर्गिक वायू जाळून होते. घरात एक युनिट वापरले की सुमारे ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असे समजावे. १३ मे २०२३ रोजी आंग मो किओ भागात पारा ३७ अंशांवर गेला. येथे इतके तापमान त्यापूर्वी फक्त १९८३ च्या एप्रिलमध्ये, तेंगा येथे नोंदले गेले होते. उकडते म्हणून एअरकंडिशनर लावायचा, त्यासाठी वायू जाळायचा, आणि त्या वायूने पुढच्या पिढीला आणखी उकडायचे, असे हे चक्र आहे. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू तर एअरकंडिशनरला इतिहासातल्या महत्त्वाच्या शोधांपैकी एक मानत. तो नसता तर विषुववृत्तावर कचेऱ्या चालल्या नसत्या, असे त्यांचे मत होते. दुपारी दोन वाजता येथे रस्त्यावर उभे राहिलेले कोणीही त्यांना दोष देणार नाही. तेव्हा मोजून वापरावे, वाया घालवू नये, याबद्दल माझा वाद नाही.

आणि मीटर खरोखर उपयोगी पडतो. पहाटे तीनचा खांब पाहावा. त्या वेळी घरात फ्रिज आणि इंटरनेटची डबी यांखेरीज फारसे काही चालू नसावे. तो खांब उंच दिसला तर कुठेतरी पाणी तापवायची टाकी रात्रभर चालू राहिली आहे, किंवा फ्रिजच्या दाराचे रबर गेले आहे, असे समजावे. जुन्या चकतीच्या मीटरने हे कधी सांगितले नसते.

परंतु मोजल्याने बचत किती होते? ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. वापर डोळ्यांसमोर ताबडतोब दिसला तर लोक ५ ते १५ टक्के वीज वाचवतात, असे त्यात निघाले. पुढे अमेरिकेत सुमारे ६ लाख घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रके पाठवली गेली; २०११ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा बचत सरासरी २ टक्के भरली. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावचा प्रयोग अधिक गमतीचा आहे. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्यांना तसे कळवले, तेव्हा त्यांनी हात आखडला. पण शेजाऱ्यांपेक्षा कमी वापरणाऱ्यांना कळवले, तेव्हा त्यांनी वापर वाढवला! आपण उगीचच मन मारत होतो, असे त्यांना वाटले असावे. मग पत्रकावर एक हसरा चेहरा काढून पाठवला, तेव्हा ते पुन्हा ताळ्यावर राहिले. माणसाचा स्वभाव हा असा आहे. सिंगापूरच्या बिलावरही शेजाऱ्यांची सरासरी छापलेली असते.

मी आयुष्यभर तक्ते भरले. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तापाचा तक्ता वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल, आणि आपल्या समाजात परिचारिका कमी नाहीत, त्यामुळे काहींनी भरलाही असेल. चार चार तासांनी ताप, नाडी, श्वास. तक्ता भरल्याने ताप उतरत नाही, पण तक्ता नसेल तर डॉक्टर आंधळा. तक्त्याच्या शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असे. थर्मामीटर तोंडात धरण्याच्या दिवसांत एखादा रोगी नुकताच गरम चहा पिऊन बसलेला असायचा आणि पारा वर चढायचा. अशा वेळी रकान्यात ‘चहा घेतला’ एवढे लिहावे लागे, नाहीतर नव्या डॉक्टरने त्याला औषध दिलेच म्हणून समजा. घरच्या मीटरला हा शेवटचा रकाना नाही, आणि माझी सारी अडचण तेथून सुरू होते.

माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात ऐंशी ओलांडलेल्या काकू आहेत. मुलगा, सून नोकरी करतात, नात शाळेत जाते. सकाळी साडेसातला घर रिकामे होते आणि काकू एकट्या राहतात. मुलगा सज्जन आहे, आईवर माया करणारा आहे. नवा मीटर बसल्यावर त्याने हौसेने ॲप उघडले आणि एका संध्याकाळी जेवताना सहज विचारले, “आई, दुपारी दोन-तीनला खांब एवढा उंच का गं?” एवढेच. कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी दुपारचा एअरकंडिशनर बंद केला. आठवड्याभराने पंखाही बंद केला. दुपारचे खांब ठेंगणे झाले, मुलाला वाटले मीटरचा उपयोग झाला.

महिन्याभराने सुनेने मला बोलावले, कारण काकूंना उठताना अंधारी येत होती. मी त्यांचे ब्लडप्रेशर आडवे असताना घेतले, उभे करून घेतले. उभे राहिल्यावर ते बरेच खाली येत होते. जीभ कोरडी, लघवी कमी. वयाबरोबर तहान लागण्याची जाणीव मंदावते, घामही पूर्वीसारखा येत नाही, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या शरीरातले पाणी बाहेर काढतात. अशा शरीराला बंद खोलीतला उकाडा फार लवकर बाधतो. मी विचारले, “काकू, पंखा का नाही लावलात?” त्या म्हणाल्या, “सिस्टर, त्या आलेखात दुपारी मी एकटीच दिसते.”

मुलाला कळले तेव्हा तो बिचारा म्हणत राहिला, “आंटी, मी आईला बंद कर म्हटलं नव्हतं.” आणि ते खरेच होते.

काकूंचे ते वाक्य मला अजून सोडत नाही. घरचा मीटर घराची वीज मोजतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो घरी राहणाऱ्याची वीज मोजतो. मुलगा दिवसभर कचेरीत बसतो, जेथे इतका गारवा असतो की मुली खुर्चीवर शाल टाकून ठेवतात. त्याच्या वाटणीची ती वीज कचेरीच्या बिलात जाते. तो आगगाडीने जातो, मॉलमध्ये जेवतो. तीही त्याच्या नावावर कोठे लिहिली जात नाही. सिंगापूरच्या एकूण विजेचा जेमतेम सातवा हिस्सा घरे वापरतात, बाकीची कारखाने, कचेऱ्या, दुकाने यांत जाते. म्हणजे जो घराबाहेर पडतो त्याचा खर्च गर्दीत मिसळून जातो आणि म्हातारी माणसे, आजारी माणसे, बाळंतीण हे मात्र अर्ध्या अर्ध्या तासाने उजेडात उभे राहतात. शेजाऱ्यांच्या सरासरीचेही तसेच. ज्या घरात दिवसभर कोणी नाही त्याचे बिल कमी येणारच. त्याला हसरा चेहरा मिळाला तर तो कशाबद्दल?

मी त्या मुलाला कागदावर हिशेब करून दाखवला, कारण तो हिशेबी माणूस आहे. ६० वॉटचा पंखा आठ तास चालला तर अर्धे युनिटही होत नाही. २०२५ साली येथे युनिटचा दर २८ सेंटच्या आसपास होता, म्हणजे दिवसाला १३ सेंट. महिनाभर चालवला तर ४ डॉलर. हॉकर सेंटरमध्ये एक ताटली चिकन राइसला साधारण तितकेच पडतात. लहान खोलीचा एअरकंडिशनर तासाला पाऊण युनिट धरला तर रोज आठ तासांनी महिन्याला १८० युनिटे आणि ५० डॉलर होतात. रात्री मुलाच्या आणि नातीच्या अशा दोन खोल्यांत ते चालतात. आईच्या पंख्याने महिन्यात सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइड, त्या दोन खोल्यांनी १४४. येथले सरकार एअरकंडिशनर २५ अंशांवर ठेवा, शक्य तेथे पंखा वापरा असे सांगत असते. तो सल्ला त्या घरात कोणी पाळायला हवा होता, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. आकड्यांनीच सांगितले. पण आकडे एकमेकांशेजारी मांडायला माणूस लागला.

येथे मला मिश्नामधील शब्बाथच्या दुसऱ्या प्रकरणाची आठवण होते. शुक्रवारी संध्याकाळी अनेक सिनेगॉगमध्ये ते वाचले जाते, म्हणून ते आपल्या कानांवरून गेलेले असते, जरी तेव्हा अर्धे लक्ष घरच्या जेवणाकडे असले तरी. शब्बाथच्या रात्री दिवा मालवला तर काय, असा तेथे प्रश्न आहे. चोराच्या भीतीने मालवला, किंवा आजारी माणसाला झोप लागावी म्हणून मालवला, तर त्याला दोष नाही. पण तेल वाचावे, वात वाचावी, दिवा वाचावा म्हणून मालवला तर दोष आहे. दिवा तोच, फुंकर तीच. आणि याच ग्रंथाच्या तालमूदमध्ये उलट बाजूही आहे: तेलाचा दिवा झाकून ठेवला की तो जास्त तेल खातो, म्हणून तसे करणारा नासाडीचा अपराधी ठरवला आहे. तेव्हा तेलाची किंमत आपल्या गुरूंना कळत नव्हती असे कोणी म्हणू नये. त्यांनी नासाडीलाही पाप म्हटले आणि दिवा मालवणाऱ्याला ‘कोणासाठी?’ हेही विचारले. मीटरला पहिले जमते. दुसरे विचारण्याची सोय त्याच्यात नाही, आणि असावी अशी अपेक्षाही नाही. तो एक यंत्र आहे. पण आपण त्याचा खांब पाहून समाधान मानतो तेव्हा आपणही ते विचारायचे थांबतो.

वाचकहो, दुसरी एक गोष्ट आहे, पाहिले जाण्याची. अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेतील जॉर्ज हार्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात असे यंत्र बनवण्यावर काम केले की घराच्या एकूण विजेच्या चढउतारावरून कोणते उपकरण केव्हा चालू झाले ते ओळखता यावे. १९८९ साली त्यांनी स्वतःच लिहिले की याचा उपयोग पाळत ठेवण्यासाठीही होऊ शकेल. अर्ध्या तासाच्या नोंदींतून इतके बारीक दिसत नाही, पण घर केव्हा जागे होते, केव्हा रिकामे असते, हे कोणालाही कळेल. नेदरलँडच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली असे मीटर सक्तीचे करण्यास याच कारणासाठी नकार दिला आणि पुढे कायदा झाला तो लोकांना नको म्हणण्याची मोकळीक ठेवून.

आपल्याला हे फार नवे वाटू नये. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाण्याची करकर ऐकू आली नाही की साऱ्या गावाला कळे, आज या लोकांचा विसाव्याचा दिवस. घाणा हाच आपला मीटर होता म्हणा ना. पण गावाला आपले दिसे तसे आपल्यालाही गावाचे दिसे; कुंभाराची भट्टी कधी विझली, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तेल्याच्या आळीतही कळे, आणि चूल पेटली नाही तर कोणीतरी भाकरी घेऊन जाई. आजच्या मीटरमध्ये पाहणारा एकीकडे आणि दिसणारा दुसरीकडे. काकूंच्या हाती तर ॲपसुद्धा नव्हते. त्यांना आपला खांब कधी दिसलाच नाही. तो उंच आहे एवढे ऐकायला मिळाले.

जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याचे एक विजेचे भांडे काढले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईने चहासाठी पाणी घेतले की दूरच्या गावी मुलाला निरोप जातो. पाळत तीही आहे, पण तेथे वापर झाला नाही तर मुलगा घाबरून फोन करतो. मला हे भांडे त्या मीटरपेक्षा शहाणे वाटते. काकूंच्या दुपारचा खांब एकाएकी ठेंगणा झाला तेव्हा त्या घरात समाधान झाले. मे महिन्याच्या दुपारी ऐंशी वर्षांच्या बाईची वीज अर्ध्यावर येणे, हे वॉर्डातल्या कोणत्याही नर्सने लाल शाईने लिहिले असते.

सिंगापूरच्या घरांत आणखी एक व्यक्ती दिवसभर असते. अडीच लाखांहून अधिक परदेशी स्त्रिया येथे घरकामाला राहतात, इंडोनेशियाच्या, फिलिपीन्सच्या, म्यानमारच्या. त्यांच्या झोपण्याच्या जागेत वारा येत नसेल तर पंखा दिला पाहिजे असा येथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण पंख्याचे बटन दाबण्याची हिंमत नियमात लिहिता येत नाही. मालकीण रोज संध्याकाळी खांब पाहते हे ठाऊक असलेली मुलगी दुपारी इस्त्री करताना काय करील? काकू निदान घरच्या होत्या. ती तर तक्रारही करणार नाही.

महाराष्ट्रातही हे मीटर आले आहेत आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. आधी पैसे भरा मग वीज, असे ते असतील या भीतीने लोक चिडले, आणि २०२४ साली सरकारला सांगावे लागले की सामान्य ग्राहकांवर तशी सक्ती होणार नाही. पुढच्या वर्षी तेथे स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलत जाहीर झाली, कारण त्या वेळी सूर्याची वीज भरपूर असते. मला ती बातमी वाचून मौज वाटली. म्हणजे अलिबागला घरी बसलेल्या सासूबाईंनी दुपारी पंखा लावला, मिक्सर फिरवला, तर त्या घराला फायदा करून देतात. सिंगापूरच्या काकू मात्र तेच करून गुन्हेगार ठरल्या. दर बदलला की नीती बदलते असे तर नसेल! इस्रायलमध्ये राहणाऱ्या वाचकांच्या गच्चीवर दूद शेमेश आहे, १९८० च्या कायद्याने नव्या घरांना तो सक्तीचाच झाला. त्यातल्या गरम पाण्याने कोणाच्या आजीने किती वेळ अंघोळ केली याचा हिशेब, ऊन असेपर्यंत तरी, कोणी मागत नाही.

काकूंच्या घरी आता काय करतात ते सांगते. मी त्यांना मीटर काढायला किंवा ॲप बंद करायला सांगितले नाही. ॲप काकूंच्याही फोनवर घालून दिले आणि फ्रिजवर एक वही टांगायला सांगितली, तीन रकान्यांची: वेळ, खांब, शेरा. शेरा ज्याने वीज वापरली त्याने लिहायचा. पहिले काही दिवस काकूंनी पंख्याचीही सफाई दिली, ‘दुपारी २, झोपले होते, पंखा.’ मी म्हटले, काकू, पंखा आणि पाणी हे लिहायचे नाही, ते घ्यायचे. मग त्यांचा हात मोकळा झाला. पाण्याची टाकी सकाळी कोण चालू ठेवून जाते, ते वहीत आले. परवा गेले तेव्हा रविवारच्या ओळीत काकूंचे टपोरे अक्षर होते: ‘रात्री १० ते २, क्रिकेट, पाहुणे चार, एअरकंडिशनर दोन.’ त्याखाली मुलाने ‘मान्य’ असे लिहून सही केली आहे.